रात्री अडीचचा रंग

मे महिन्यात जळगावात आयसीयूची रात्रपाळी म्हणजे एरवी चैन. बाहेर रात्रीसुद्धा झळा आणि आत एसी. पण फ्लॅपचा, म्हणजे शरीरातला एक तुकडा रक्तवाहिन्यांसकट काढून दुसरीकडे जोडलेला पेशंट असला की ती चैन संपली. गारव्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून त्याच्या खोलीत एसी जेमतेमच.

पेशंट अमळनेरकडचे, कापसाचे शेतकरी. गुटखा वीस-बावीस वर्षांचा. (२०१२ पासून राज्यात बंदी आहे. पुड्या कुठे मिळतात ते आमच्या वॉर्डात कुणालाही विचारा.) कॅन्सरसाठी डावा जबडा काढून तिथे पायाचं फिब्युला हाड, वरच्या कातडीच्या तुकड्यासकट, बसवलं होतं. दोन-तीन मिलिमीटरच्या धमनी-शिरा मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक धाग्याने मानेत जोडलेल्या. दहा तास चाललं ते. पुढचं काम आमचं, सिस्टर लोकांचं: दर तासाला टॉर्च मारून तोंडातली ती कातडी बघायची. गळ्यातल्या श्वासाच्या नळीची पट्टीसुद्धा मानेभोवती बांधायची नाही, शीर दाबली जाते. नळीला टाकेच घालतात.

अडीचला कातडी दाबून सोडली, तर रंग झटकन परत आला. नवीन असते तर ‘छान’ लिहून मोकळी झाले असते. धमनी बंद पडली की फ्लॅप पांढरा, गार पडतो. ते कुणालाही दिसतं. शीर तुंबली की रक्त आत येत राहतं, बाहेर जात नाही, आणि रंग नको तितक्या लवकर भरतो. टॉर्च जवळ नेला. कडेला जांभळट झाक. सुई टोचली तर काळपट रक्त, थांबेचना. मानेला हात लावला, टणक. ड्रेन, म्हणजे जखमेतलं रक्त बाहेर काढणारी नळी, दोन तास कोरडा होता आणि दीड वाजता ‘ड्रेन कमी’ लिहून मीच खूश झाले होते.

“सर, फ्लॅप जांभळा पडतोय.”

“ऑपरेशन थिएटर लावा. निघालो.”

साडेतीनला पेशंट पुन्हा टेबलवर. मानेत साकळलेलं रक्त शिरेवर दाब देत होतं, जोडाशी गुठळी. ती काढून शीर नव्याने जोडली. उजाडता उजाडता परत आले तेव्हा कातडी गुलाबी. चांगल्या हातांत शंभरातले पंचाण्णवच्या आसपास फ्लॅप जगतात. बिघडतात ते बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांत, आणि तेही धमनीपेक्षा शिरेमुळे जास्त. सकाळ होईपर्यंत थांबलो असतो तर गेलाच होता.

आठव्या दिवशी मानेच्या टाक्यातून लाळ झिरपायला लागली. फ्लॅप वाचला की सगळे पेढ्यांच्या गोष्टी करतात, पण मला विचाराल तर खरी दमछाक या लाळेची. रोज ड्रेसिंग, नाकातल्या नळीतून पेज, आणि वर रेडिएशनची घाई. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू झालेलं बरं असतं. पाचव्या आठवड्यात कसंबसं सुरू झालं.

चार महिन्यांनी तपासणीला आले, चालत. शरीराचा भार नडगीच्या मोठ्या हाडावर असतो, म्हणून फिब्युला काढूनही चालता येतं. फाइलवर आधीच लिहिलेलं होतं: ‘फ्लॅप उत्तम’.

“ताई, भाकर कधी खावाले भेटी?”

दात नव्हते, तोंड रेडिएशनने आखडलेलं. कळण्याची भाकरी दुधात कुस्करून खा म्हटलं, तर तोंड फिरवलं. बायको म्हणाली, भरीत खातात, बिनमिरचीचं. तोवर त्यांच्या ओठातून लाळ हनुवटीवर आली होती. खालचा ओठ बधिर, त्यांना कळलंच नाही. तिने पदराने पुसली. मी फाइल ओढून ‘उत्तम’च्या खाली लिहिलं: तोंड दोन बोटं उघडतं.