यादी हातात असताना वाचता कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खरं तर दर दोन वर्षांनी, मंडळाच्या कोजागिरीला दूध आटत असताना हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. "तुम्ही डेमोक्रॅट ना? मग कशाला होय, कशाला नाही ही पक्षाची यादी समोर ठेवायची, तसं काळं करायचं, मोकळं व्हायचं. एकेक प्रॉप, म्हणजे मतदानाला ठेवलेला प्रस्ताव, वाचत कशाला बसता?"

विचारणारे बहुतेक नुकतेच नागरिक झालेले असतात, आणि कॅलिफोर्नियाची पहिली मतपत्रिका बघून गांगरलेले. गांगरणारच. आपल्याकडे आमदार निवडून दिला की कायदे करणं ही त्याची डोकेदुखी. इथे १९११ साली, हायरम जॉन्सन गव्हर्नर असताना, रेल्वे कंपनीची राजकारणावरची पकड सोडवायला म्हणून कायदे करायचा अधिकार थेट मतदारांना दिला गेला, आणि तेव्हापासून ती डोकेदुखी आपली. २०२४ च्या नोव्हेंबरात राज्याचे दहा प्रस्ताव होते. तेव्हा यादीचा मोह मलाही होतो.

पण आधी हे बघा की हातात आहे ती यादी पक्षाचीच आहे का. ऑक्टोबरात टपालाच्या पेटीत जाड, चकचकीत पत्रकं येऊन पडतात. वर "डेमोक्रॅट मतदारांसाठी मार्गदर्शक" अशा थाटाचं काहीतरी, खाली ओळखीच्या नेत्यांची नावं. चष्मा लावून तळाचं बारीक अक्षर वाचलं तर कळतं, की हे पत्रक कोणत्याही अधिकृत पक्षसंघटनेचं नाही, आणि ज्यांच्यापुढे फुली-तारा आहे त्यांनी छापून येण्यासाठी पैसे मोजलेत. कायद्यानेच हे लिहावं लागतं, म्हणून लिहितात. आमच्या शेजारच्या काकांनी असलं एक पत्रक वर्षभर फ्रिजवर लावून ठेवलं होतं, पक्षाचं समजून.

पक्षाची खरी यादी मात्र मी बघते, आवर्जून बघते. फक्त ती उत्तरपत्रिका म्हणून नाही, तर कोणाचं कोणाशी जमलं आणि कोणाचं फिसकटलं हे कळायला. २०२२ चा प्रॉप ३० घ्या. वर्षाला वीस लाख डॉलरच्या वरच्या कमाईवर जादा कर लावायचा आणि त्यातून मुख्यतः विजेच्या गाड्यांना पैसा द्यायचा. पक्ष म्हणाला होय, आणि त्याच पक्षाचे गव्हर्नर न्यूसम टीव्हीवरच्या जाहिरातीत सांगत होते नाही. प्रस्ताव पडला. त्याच वर्षी प्रॉप २६ वर, म्हणजे आदिवासी कसिनोंमध्ये क्रीडा-सट्टा चालू द्यायचा की नाही यावर, पक्ष तटस्थ. एका बाजूला आदिवासी राष्ट्रं, दुसऱ्या बाजूला पत्त्यांचे क्लब आणि त्या क्लबांच्या करावर चालणारी शहरं. दोन्हीकडे आपलीच माणसं असली की पक्षाची वाचा बसते. लग्नघरात दोन मामा भांडले की आई स्वयंपाकघरात जाते ना, तसंच. मला तर यादीत हीच रिकामी जागा सगळ्यात बोलकी वाटते.

उलट बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई फार शहाणी. २०२० च्या प्रॉप २५ ला यादी बघितली असती तर बरं झालं असतं. रोख जामीन बंद करणारा कायदा विधिमंडळाने आधीच केला होता. जामिनाचा धंदा करणाऱ्यांनी सह्या गोळा करून तो मतदारांपुढे खेचला. म्हणजे "होय" केलं तर कायदा राहणार, "नाही" केलं तर जाणार. मी रोख जामीन नको म्हणून ठसठशीत "नाही" काळं केलं. पाकीट पेटीत टाकून झाल्यावर लक्षात आलं. कायदा गेलाच, माझ्या एका मताने नव्हे, पण माझ्या मतासकट.

आणि २०२४ चा घरभाड्याच्या नियंत्रणाचा प्रॉप ३३. पक्ष होय, न्यूसम नाही. जाहिराती म्हणत होत्या भाडं कमी होईल, किंवा घरं बांधली जाणार नाहीत. मी गिरगावातल्या चाळीत वाढले. १९४७ च्या भाडेकायद्याने गोठलेलं आमचं भाडं इतकं कमी की मालक दुरुस्तीचं नाव काढत नसे; जिन्याला लाकडी टेकू होते आणि आम्ही मुलं त्यांना धरून गोल फिरायचो. पण त्याच भाड्यामुळे बाबांच्या पगारात तीन मुलं गिरगावात शिकली. मग मी कोणाचं ऐकू?

म्हणून मतदारांना राज्याकडून येते ती माहितीपुस्तिका काढली. प्रॉप ३३ स्वतः एक पैशाचंही भाडं ठरवत नव्हता. १९९५ चा एक राज्य कायदा शहरांचे हात बांधतो, तो फक्त काढून टाकायचा होता. त्या कायद्याने भाडेकरू गेला की मालकाला नवं भाडं हवं तेवढं लावता येतं. तो गेला की शहरं रिकाम्या जागेचंही भाडं बांधू शकली असती. हे वाक्य मी दोनदा वाचलं. चाळीत खोली हातबदल झाली तरी भाडं तेच, म्हणून तर फरकाची रक्कम टेबलाखालून जायची, तिचंच नाव पागडी. मी "नाही" केलं. साठेक टक्के मतदारांनीही तेच केलं, अर्थात चाळ न बघता.

त्याच मतपत्रिकेवर प्रॉप ३४ होता. वाचायला अगदी साधा, रुग्णांसाठीचा पैसा रुग्णांवरच खर्च करा असा. त्यात कोणाचंही नाव नव्हतं. पण त्याला पैसा घरमालकांच्या संघटनेचा होता, आणि नेम होता ३३ मागे पैसा लावणाऱ्या, एड्सच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या एड्स हेल्थकेअर फाउंडेशन या संस्थेवर. तो थोडक्यात पास झाला. "होय" किंवा "नाही" एवढ्या एका शब्दात हे कुठलं मावायला?

शाळांच्या दहा अब्ज डॉलरच्या रोख्यांना मात्र मी यादीप्रमाणे दोन मिनिटांत होय केलं.

आमच्या ह्यांनी ३३ ला होय केलं. दोघांची पाकिटं एकाच पेटीत टाकली आणि घरी येईपर्यंत गाडीत वाद चालू. त्यांचं बालपण सांगलीला स्वतःच्या वाड्यात गेलंय. पागडी म्हणजे त्यांच्या लेखी अजून डोक्यावर घालायचीच.