सागाला पानं फुटल्यावरचं नेट: मुरबाडच्या घराची पावसाळी नोंद

मुरबाडच्या या घरात नेट येतं ते मोबाइल टॉवरवरून, सिम घातलेल्या मोडेम कार्डातून. आधी एवढं सांगतो की ते कार्ड मी बदललेलं नाही. क्वेक्टेलचं ईसी२५-ई, कॅट ४ (फोरजीतला वेगाचा एक वर्ग), ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) घातलेल्या बोर्डावरच्या मिनी पीसीआयई खाचेत. "आता तरी फाइव्हजी घे" असं म्हणणारे बरेच भेटले. पण या घराला काय कमी पडतंय ते समजून न घेता कार्ड बदलणं म्हणजे नुसते पैसे घालवणं. आणि कमी काय पडतंय, ते पावसाळ्याखेरीज कळणार नव्हतं.

घर म्हसा गावाच्या पुढे, गोरखगडाच्या अंगाला. फायबर ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत आहे, आमची वाडी ओढ्यापलीकडे. घरात काका, काकू आणि बारावीत गेलेली त्यांची नात. ठाण्यात बसून मला बॅटरीचा व्होल्टेज दिसतो आणि गोठ्यातला कॅमेराही, एवढं सगळं या एका सिमवर चालतं.

मार्च-एप्रिल: टॉवर निवडणं

घराला दोन टॉवर ऐकू येतात. एक जवळचा, पण मध्ये डोंगराची सोंड. दुसरा लांबचा, म्हशाच्या बाजूचा, मध्ये शेतं आणि सागाचा एक पट्टा. फोन नेहमी जवळच्याला चिकटतो, दांड्याही जास्त दाखवतो, आणि नेट मात्र रडतखडत चालतं.

दांड्यांकडे बघायचं सोडून दिलं की अर्धं काम झालं. कार्डाला एटी कमांडने (मोडेमला थेट द्यायच्या लेखी सूचनेने) विचारलं की ते तीन आकडे देतं. आरएसआरपी म्हणजे टॉवरचा आवाज किती मोठा (हा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका मोठा), एसआयएनआर म्हणजे तो गोंगाटाच्या किती वर, आणि आरएसआरक्यू या दोन्हींच्या मधलं काहीतरी, ज्यावरून टॉवरवरच्या गर्दीचाही अंदाज येतो. जवळच्या टॉवरचा आरएसआरपी उणे ९३ होता, एसआयएनआर जेमतेम २. लांबच्याचा आरएसआरपी उणे १०४, पण एसआयएनआर ९. लांबचा घेतला.

कुठला टॉवर बोलतोय हे ओळखायला सेल आयडी पुरतो. तो सोळांच्या पायात लिहिला की शेवटचे दोन अंक सेक्टरचे (टॉवरच्या एका दिशेच्या भागाचे), उरलेले टॉवरचे. काही अँड्रॉइड फोनांवर टायमिंग ॲडव्हान्सही (सिग्नलला टॉवरपर्यंत लागणाऱ्या वेळेचं माप) दिसतो, एलटीईत म्हणजे फोरजीत त्याची एक पायरी म्हणजे साधारण ७८ मीटर. त्यावरून अंतर काढलं आणि दूरसंचार विभागाच्या तरंग संचार संकेतस्थळावरच्या नकाशाशी ताडून पाहिलं. जुळलं.

मी होकायंत्र आणि नकाशा घेऊन पत्र्यावर चढलो होतो तेव्हा काका खालून म्हणाले, "रातच्याला तो लाल दिवा दिसतो ना, तिकडं तोंड कर त्या मासळीच्या काट्याचं. कागद कशाला पायजे?" रात्री पाहिलं तर दिवा आणि माझी रेघ यांत फारसा फरक नव्हता. ज्यांच्या घरातून टॉवरचा दिवा दिसतो त्यांनी काकांचं ऐकावं.

मे: पाइप, पेटी आणि केबलची चोरी

'मासळीचा काटा' म्हणजे लॉग-पिरिऑडिक, एका दिशेला तोंड करून लावायचा अँटेना. दोन आहेत, एक ४५ अंश उजवीकडे कललेला, दुसरा तेवढाच डावीकडे. टॉवरवरचे अँटेनेही बहुतेक असेच तिरपे जोडीने असतात, म्हणून दोन्ही उभे लावण्यापेक्षा हे बरं. अँटेना लावताना दोन्ही कनेक्टरांचा आरएसआरपी वेगवेगळा बघा. ईसी२५ पाठवतो फक्त मुख्य कनेक्टरवरून, ऐकतो दोन्हींवरून. दुसरी वायर ढिली असली तरी दांड्या तशाच राहतात, वेग मात्र निम्म्यावर येतो आणि माणूस कंपनीला शिव्या देत बसतो.

दीड इंची जीआय पाइप, अख्खी वीस फुटी, आढ्याजवळच्या भिंतीला दोन क्लॅम्पनी धरलेली आणि वरून तीन ताणाच्या तारा. उंची हवी ती नुसता अडथळा टाळायला नव्हे. पाच किलोमीटरच्या रेषेत, १८०० मेगाहर्ट्झला, मध्यावरचा फ्रेनेल झोन (सरळ रेषेभोवती लहरींना लागणारी फुगीर मोकळी जागा) सुमारे १४ मीटर त्रिज्येचा असतो आणि त्याचा निदान साठ टक्के भाग मोकळा लागतो. दिवा डोळ्याला दिसला म्हणजे वाट मोकळी झाली असं होत नाही.

बोर्ड आणि कार्ड पाइपवरच, अँटेनाच्या खाली पेटीत आहेत. यावर बरेच जण नाक मुरडतात, म्हणून हिशोब देतो. आरजी-५८ केबल १८०० मेगाहर्ट्झला मीटरमागे पाऊण डेसिबलहून जास्त खाते. पाइपच्या टोकावरून घरातल्या कपाटापर्यंत दहा-बारा मीटर, म्हणजे आठ-नऊ डेसिबल गेले. अँटेनाची कमाईच साधारण तेवढी. एलएमआर-४०० घेतली तर तोटा मीटरमागे डेसिबलच्या पाचव्या हिश्श्यावर येतो, पण ती जाड, ताठ, महाग, आणि आपल्याला दोन लागतात. त्याऐवजी अँटेनाच्या वायरी हातभर ठेवायच्या आणि खाली फक्त इथरनेट उतरवायची. त्याच तारेतून २४ व्होल्ट वर जातात.

पेटी आयपी६५ची (धूळ-पाणी रोखणारी), पांढरी, वर पत्र्याचं झाकण सावलीपुरतं. ग्लँड (वायरी आत घ्यायची घट्ट बुचं) सगळे खालच्या बाजूला. तळाला एक बारीक भोक मुद्दाम पाडलंय, कारण बंद पेटीत दमट हवा अडकली की रात्री आतून पाणी सुटतं. त्या भोकाला स्टीलची जाळी लावा. नाहीतर कुंभारीण माशी आठवड्याभरात मातीने लिंपून टाकते, आणि मुंग्यांना तर उबदार सर्किट बोर्ड फारच आवडतो.

आणखी एक बारीक गोष्ट. मिनी पीसीआयई कार्डांवरचे यू.एफएल कनेक्टर सुमारे तीस वेळा काढ-घाल करण्यासाठीच बनवलेले असतात. टेबलावर खेळताना सारखे उपटू नका. एम.२ या नव्या खाचेच्या कार्डांवरचे बहुधा त्याहून लहान असतात, दोन्ही एकमेकांत बसत नाहीत, आणि जोर लावला तर बोर्डावरचा तुकडा हातात येतो.

आकडे: लांबच्या टॉवरचा बँड ३ (बँड म्हणजे लहरींचा ठरावीक पट्टा), म्हणजे १८०० मेगाहर्ट्झ, आरएसआरपी उणे १०४ वरून उणे ९२, एसआयएनआर १७. सगळ्यात सुखावला तो अपलोड. कार्ड पाठवू शकतं जास्तीत जास्त २३ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप), म्हणजे २०० मिलीवॉट. टॉवर कितीही ओरडला तरी आपला आवाज तेवढाच. अँटेनाचा फायदा दोन्ही दिशांना मिळतो, म्हणून नातीचा ऑनलाइन क्लासमधला आवाज तुटायचा बंद झाला.

शेजारचे एकजण विचारत होते, बूस्टर का नाही लावत. परवान्याशिवाय मोबाइल बूस्टर लावणं आपल्याकडे बेकायदा आहे. शिवाय तो सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवतो आणि अख्ख्या वाडीचं नेट बिघडवू शकतो. अँटेना असं काही करत नाही.

जून: वाट बघणं

खरा प्रयोग इथून. मे महिन्यात साग उघडाबोडका असतो. मृग लागला, दोन सरी पडल्या की ताटाएवढी पानं येतात. तो पट्टा नेमका आमच्या रेषेत आहे, म्हणून त्या टॉवरच्या तिन्ही बँडची उन्हाळी मोजणी करून ठेवली होती आणि क्रॉन (ठरावीक वेळी आपोआप काम चालवणारी सोय) लावून दर पाच मिनिटांनी आकडे फाइलमध्ये जात होते.

झाड तोडण्याचा विचार कुणाच्या डोक्यात आला असेल तर, साग मालकीच्या जागेत असला तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते. काकांपुढे तर विषयही काढायचा नाही.

जुलै: तीन बँड, तीन स्वभाव

बँड ४०, म्हणजे २३०० मेगाहर्ट्झ. उन्हाळ्यात हाच राजा होता. रुंद वाहिनी, साठ एमबीपीएसपर्यंत सहज, आरएसआरपी उणे ९७, एसआयएनआर १५. पानं भरल्यावर कोरड्या दिवशी उणे १०५. पाऊस पडून गेल्यावर, पानांवर पाणी असताना, उणे १११ आणि एसआयएनआर ३. वेग सात-आठवर. वारा सुटला की आकडे वरखाली नाचतात, कारण ओली पानं हलतात.

बँड ३ चार-पाच डेसिबलने उतरला, ओल्या पानांतही एसआयएनआर ११ च्या खाली क्वचित. डाउनलोड पस्तीसवरून सत्तावीस-अठ्ठावीस.

बँड ५, म्हणजे ८५०. याला साग आहे की नाही याचंही सोयरसुतक नाही. उन्हाळा-पावसाळा उणे ८८, फार तर उणे ८९. मग हाच का नाही लावत? एक तर वाहिनी ५ मेगाहर्ट्झची, कागदावरची कमाल ३७ एमबीपीएस, हाताला तेरा-चौदा. दुसरं असं की ८५० लांब जातो तसा लांबून येतोही. डोंगरापलीकडचे टॉवरसुद्धा कुजबुजत असतात, त्यामुळे आवाज सर्वांत मोठा असूनही एसआयएनआर ८ वर अडतो. आरएसआरपी बघून बँड निवडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

म्हणून आता कार्ड बँड ३ ला कुलूपबंद आहे. स्क्रिप्ट एसआयएनआर बघते, तो बराच वेळ ४ च्या खाली राहिला तर बँड ५ वर उतरते आणि पहाटे पुन्हा ३ आजमावते. बँड ४० पानं झडेपर्यंत बंद. कार्डावर सोडलं असतं तर ते सतत ४० कडे धावलं असतं, कारण नेटवर्क त्याला तिकडे ढकलतं, आणि दर वेळी क्लास दोन-चार सेकंद गोठला असता.

इथेच जुनी कार्डं घेणाऱ्यांसाठी इशारा. लॅपटॉपमधून काढलेली सिएरा एमसी७४५५ अजून बाजारात दिसतात, कार्ड उत्तम, पण त्यात बँड ४० नाही. ईसी२५ घेताना मागचं अक्षर वाचा, आपल्याला 'ई' हवं, अमेरिकेसाठीचं 'ए' नव्हे.

पाऊस सिग्नल खातो का?

वाडीत सगळ्यांचं ठाम मत, खातो. माझ्या फाइलींचं मत वेगळं. दोन गिगाहर्ट्झच्या आसपास पावसाच्या धारांनी होणारी घट पाच-सात किलोमीटरला मोजण्याइतकीही नसते. खातात ती ओली पानं, तीही वरच्या बँडना.

पण मुसळधार पावसात नेट गेलेलं मी पाहिलंय, तेही सिग्नल जागच्या जागी असताना. आरएसआरपी सपाट रेघ, एसआयएनआर ठीक, आणि पिंग (नेट पोचतंय का हे बघणारी हाक) मेलेला. बँड बदलला तरी तेच. सर ओसरली की दहा मिनिटांत आपोआप जिवंत. माझा संशय टॉवरच्या पाठीमागच्या दुव्यावर आहे. डोंगराळ भागातले बरेच टॉवर फायबरवर नसतात, मायक्रोवेव्हच्या तबकडीने पुढच्या टॉवरला जोडलेले असतात. १८ ते २३ गिगाहर्ट्झला कोसळधार पाऊस किलोमीटरमागे दहा डेसिबलच्या आसपास खाऊ शकतो. तिथे आपण काही करू शकत नाही. घरी पाइप हलवत बसू नये, चहा टाकावा.

दुसरी मोठी अडचण विजेची. घरात १२ व्होल्टची १२ अँपिअर-अवर लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे. वरचा संसार साधारण ८ वॉट खातो, तोटा धरून सोळा तास निघतात. टॉवरची बॅटरी त्याच्या आधी दमते. तेव्हा आमचा राउटर जागा राहून नुसता आकाशाकडे बघत असतो. याहून मोठी बॅटरी घेण्यात अर्थ नाही.

वीज कडाडण्याबद्दल: अँटेनाच्या वायरींवर गॅस ट्यूबचे अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारे), इथरनेटवर वेगळा, आणि सगळ्यांची अर्थिंग पाइपच्या बुडाशी एकाच सळईला. वळवाच्या गडगडाटात काकू तरीही प्लग काढतात. काढू देत.

बाहेरून आत

ठाण्यातून कॅमेरा बघायला थेट पत्ता मिळत नाही, कारण सिमला आयपीव्ही४ पत्ता सीजीनॅटच्या मागचा येतो, म्हणजे कंपनीने एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. पोर्ट फॉरवर्ड वगैरे इथे निरर्थक. बाहेरच्या एका स्वस्त सर्व्हरवर वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे नेटमधून जाणारा खाजगी बोगदा) ठेवलंय. घरचा बोर्ड स्वतःहून त्याला जोडून घेतो, दर पंचवीस सेकंदांनी एक छोटं पाकीट पाठवून वाट उघडी ठेवतो, आणि मी दुसऱ्या बाजूने शिरतो. कॅमेरा सतत बघत नाही, रोजचा डेटा मोजकाच आहे. त्यातला मोठा वाटा संध्याकाळी काकांचं भजन आणि कुस्त्यांचे व्हिडिओ खातात, त्यावर मर्यादा घालायची माझी हिंमत नाही.

संध्याकाळची गोष्ट निघालीच आहे तर: आठ ते दहा आरएसआरपी जागचा हलत नाही, पण आरएसआरक्यू पडतो आणि एसआयएनआर दोन-तीनने घसरतो. आपला टॉवर आणि शेजारचे टॉवर सगळेच भरलेले असतात. वेगाची चाचणी भर दुपारी करून टाळ्या वाजवू नका, रात्री नऊची दाखवा.

पुढचं

फाइव्हजीचा ३३०० मेगाहर्ट्झवरचा पट्टा या सागातून येईल ही आशा नाही, बँड ४० ने काय केलं ते पाहिलंच. ७०० मेगाहर्ट्झची गोष्ट वेगळी. बीएसएनएलचं फोरजी त्यावर, म्हणजे बँड २८ वर, आणि २१०० वर आहे. ईसी२५-ई ला बँड २८ ऐकूच येत नाही. क्वेक्टेलच्याच ईपी०६-ई कार्डाला येतो, तेही मिनी पीसीआयई, म्हणजे बोर्ड आणि पेटी तीच राहील. सध्याचे अँटेने ६९८ मेगाहर्ट्झपासून आहेत, त्यामुळे तेही चालावेत. ते कार्ड कॅट ६ चं असल्याने वीज जास्त ओढेल, बॅटरीचा हिशोब पुन्हा मांडावा लागेल.

शहापूरकडे डोळखांब, किन्हवलीच्या बाजूला कुणी बँड २८ मोजला असेल तर आरएसआरपीसोबत एसआयएनआरही कळवा, आणि मध्ये कसली झाडं आहेत तेही. सागाशिवाय ऐनाचे आकडे माझ्याकडे नाहीत.