विंचूर परिसर, नोंद 3: सर्व्हे नंबर, सन आणि 'द्राक्षे'

वस्त्यांचा नकाशा जुन्या सर्व्हे नंबरांवरून आजच्या गट नंबरांवर आणायचं काम सध्या चालू आहे. विंचूर ज्यात येतं त्या निफाड तालुक्यात (जि. नाशिक) काम करणाऱ्याला पहिली ठेच इथेच लागते. 1947 च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली ज्या गावांत योजना राबवली, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आकडा तोच दिसला म्हणजे जमीन तीच, असं मुळीच नाही. भूमी अभिलेखमधून 'नऊ तीन, नऊ चार'चा उतारा काढा. जुना नंबर आणि नवा गट त्यात शेजारी शेजारी सापडतात.

मग क्षेत्र ताडून बघा. 2 एकर म्हणजे 0.81 हेक्टर. गुंठा आणि आर एकच धरले तर एकरामागे अर्ध्या आराची चूक होते, ती चालेल. त्याहून जास्त फरक आला तर आधी पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारं क्षेत्र, तपासा. बहुतेक वेळा तो एका कागदात धरलेला असतो, दुसऱ्यात नसतो.

विंचूर ही विठ्ठल शिवदेव विंचूरकरांची जहागीर, त्यामुळे पेशवाईतले कागद मोडीत आणि सुहूर सनात (मराठी दप्तरातली अरबी आकड्यांत लिहिली जाणारी कालगणना). 'सबा सितैन मया व अलफ' म्हणजे 1167. सन मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतो. म्हणून इसवी सन काढायला जून ते डिसेंबरच्या कागदाला 599 मिळवा, जानेवारी ते मेच्या कागदाला 600. उत्तर 1766-67. फसली, म्हणजे महसुली सन याच्या 9 ने पुढे असतो, तिथे 590 किंवा 591. दोन्हींची गल्लत झाली की वस्ती 9 वर्षं मागेपुढे सरकते, आणि पुढची सगळी जुळणी बिघडते.

द्राक्षांचं मात्र सावध राहूनच घ्या. सातबाऱ्याच्या बारामध्ये, म्हणजे पीकपाहणीच्या भागात, नुसतं 'द्राक्षे' असतं. खायचं थॉमसन की वाइनचं शेनिन ब्लांक, ते कळत नाही. शिवाय मागच्या वर्षीचं पीक जसंच्या तसं उतरवण्याची सवय जुनी आहे. शेजारचा जलसिंचनाचा रकाना बघा: विहीर-पाट काहीच नाही आणि बाग लिहिलीय, तर ती नोंद बाजूला ठेवा. वाइनचा माग पीकपाहणीत नाही, फेरफारात (हक्क-वापर बदलल्याच्या नोंदींत) लागतो. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण 2001 चं, तेव्हा त्यानंतरचे बिगरशेतीचे फेरफार चाळा. वाइन पार्कखालचे गट आधीच वेगळे काढा, नाहीतर एमआयडीसीचे भूखंड शेतवस्ती म्हणून मोजले जातात.

पुढचा टप्पा जुन्या गाव नमुना 14 चा. जन्म-मृत्यूच्या या नोंदींत जातीही असतात, म्हणून तक्त्यात फक्त वस्तीनिहाय आकडे येतील, नावं नाहीत.