लाल पेटी, नारिंगी पेटी

ब्रेडा आणि तिलबर्ग या नेदरलँड्समधल्या शहरांतल्या चार दिवसांत पाऊस होता, राहणं महाग होतं, एवढंच. लिहायचंय ते बेल्जियम आणि नेदरलँड्स अशा दोन देशांत वाटल्या गेलेल्या बार्ले गावातल्या एका दुपारबद्दल.

तिथे गेले ते बाबांमुळे. ते मिरजेला आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपालसेवेत, सॉर्टर होते. रात्रपाळीत गाडी यायच्या आत पत्रं खणांत टाकायची. 15 ऑगस्ट 1972 ला पिनकोड आला तेव्हा ते नोकरीत नवे होते. ती योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, वर संस्कृतचे पंडित, हे सांगताना आजही त्यांचा आवाज बदलतो. एकाच नावाची कितीतरी गावं, पत्ते वेगवेगळ्या लिप्यांतले, त्यातून सहा आकड्यांनी वाट काढली, असं ते म्हणतात. एका गावात दोन देशांचे दोन पिन आहेत म्हटल्यावर ते फोनवर गप्पच झाले. मग म्हणाले, "जाऊन बघ आणि मला तिथून कार्ड टाक."

बार्लेत बेल्जियमच्या बार्ले-हेर्टोख नगरपालिकेचे 22 तुकडे डच हद्दीत विखुरलेत, आणि त्यांतल्या काहींच्या पोटात पुन्हा डच बार्ले-नासाउचे 7 तुकडे. याचं मूळ 1198 मधल्या ब्राबांटचा ड्यूक आणि ब्रेडाचा सरदार यांच्यातल्या जमिनीच्या वाटणीत आहे. 1843 मध्ये दोन्ही देश सीमा आखायला बसले, पण इथे सलग रेघ ओढता आली नाही. 5732 भूखंडांपैकी कुठला कुठल्या देशाचा ते एकेक करून नोंदवावं लागलं. त्यामुळे आजही महापौर दोन, नगरपालिका दोन. बेल्जियन बाजूचा पिन 2387. डच बाजूचा 5111 आणि त्यापुढे दोन अक्षरं. घर कुठल्या देशातलं ते पुढच्या दारावरून ठरतं. लोवेरन रस्त्यावर तर सीमा एका घराच्या दारातूनच जाते, म्हणून त्या दाराला दोन्ही देशांचे नंबर आहेत.

रस्त्यावर पांढऱ्या फुल्यांनी सीमा दाखवली आहे. तिथे गर्दी. एक पाय इकडे, एक पाय तिकडे, फोटो, पुढचा. मला राग आला. दारांवरच्या पाट्यांकडे कुणी मान वर करून बघतसुद्धा नव्हतं. नंबराच्या पाटीवर देशाच्या झेंड्याचे रंग असतात, तेवढ्यावरून शेजारी शेजारी राहणाऱ्यांची पत्रं वेगळ्या टपालखात्यांतून येतात. बाबा असते तर प्रत्येक दारापाशी थांबले असते.

कार्ड लिहून मी समोरच्या नारिंगी पेटीत टाकायला गेले. मागून कुणीतरी "नेय, नेय" म्हणालं. हातात काठी असलेल्या एक आजी होत्या. त्यांनी कार्डावरच्या तिकिटावर बोट ठेवलं. ते मी अँटवर्पला घेतलं होतं, बेल्जियमचं. नारिंगी पेटी डच टपालाची. त्यांच्या मोडक्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं, "लाल पेटी," आणि रस्ता सांगून मोकळ्या न होता माझ्याबरोबर चालायला लागल्या.

दहा मिनिटं लागली. आम्ही किती वेळा देश बदलला ते मी मोजलं नाही. त्या मात्र प्रत्येक दाराकडे काठी उचलून "बेल्जियम", "हॉलंड" असं सांगत होत्या. त्यांची सख्खी बहीण समोरच्याच घरात राहायची. ती 5111, या 2387. तिला वाढदिवसाचं कार्ड त्या दरवर्षी पोस्टानेच पाठवायच्या, कारण पत्र दारातून आत पडण्याचा आवाज तिला आवडायचा. "आता घर विकलं," एवढंच म्हणाल्या. मी काही विचारलं नाही.

पेटीपाशी त्यांनी कार्ड मागून घेतलं. देवनागरीतली बाबांना लिहिलेली ओळ निरखून पाहिली, मग पत्त्याखालचा आकडा एकेक अंक सुटा करून वाचला: 4, 1, 6, 4, 1, 0. "सहा?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "मोठा देश," म्हणाल्या आणि कार्ड माझ्या हातात न देता स्वतःच पेटीत सोडलं.

परतीची बस चुकली, पुढचीला तास होता, तो थंडीत गेला.

कार्ड मिरजेला सतरा दिवसांनी पोचलं. बाबांचा फोन आला. मजकुराबद्दल एक शब्द नाही. आधी विचारलं, "शिक्का कुठला बसलाय ते पुसट झालंय, पेटी कुठली होती?" मी आजींबद्दल सगळं सांगितलं. थोड्या वेळाने म्हणाले, "त्यांचा पिन परत सांग." मी सांगितला. पलीकडे पेन्सिलीचा आवाज आला.