चालू राहिलेला माइक

माझं काम असं आहे की ते नीट झालं तर माझ्याकडे कुणी बघत नाही. न्यू जर्सीतल्या एका छोट्या कंपनीसाठी मी परिषदांमधली सत्रं रेकॉर्ड करतो. दातांचे डॉक्टर, विमावाले, एकदा तर नुसते लिफ्ट दुरुस्त करणारे. हॉलच्या मागच्या कोपऱ्यात टेबल, त्यावर मिक्सर, दोन रेकॉर्डर (एकाने दगा दिला तर दुसरा), कानावर हेडफोन. दिवसभर लोकांचं बोलणं ऐकायचं आणि आवाज फार चढून मिक्सरवरची लेव्हल लाल होऊ द्यायची नाही. बस.

जुलै २०१९ मध्ये 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या संस्थेची वार्षिक परिषद न्यूयॉर्कला होती, टाइम्स स्क्वेअरच्या मॅरियट मार्क्वी हॉटेलात. साहेब फोनवर म्हणाला, "प्रेमकथा लिहिणाऱ्या बायका आहेत. मजा आहे तुझी." मीही हसलो. खोटं कशाला सांगू?

मला आमची मावशी आठवली. ती पुण्यात बँकेत होती. ऐंशीच्या दशकात लायब्ररीतून मिल्स अँड बूनची पुस्तकं आणायची आणि त्यांना वर्तमानपत्राचं कव्हर घालायची. आजोबांनी विचारलं तर "खात्याच्या परीक्षेचं आहे". एवढ्या परीक्षा दिल्या असत्या तर बाई रिझर्व्ह बँकेची गव्हर्नर झाली असती. शिवाय तिची एक खोड होती, शेवटचं पान आधी वाचायची. मग पुस्तक वाचायचंच कशाला, असं आम्ही पोरं तिला चिडवायचो.

त्या हॉटेलात लॉबी आठव्या मजल्यावर आणि लिफ्टच्या आत मजल्यांची बटणंच नाहीत. मजला बाहेरच दाबायचा, मग यंत्र सांगतं की अमुक अक्षराच्या लिफ्टपाशी उभे राहा. सकाळी त्या यंत्रापुढे बायकांचा घोळका. कुणी सत्तरीची, कुणी पंचविशीची, गळ्यात ओळखपत्रं, खांद्याला पुस्तकांनी फाटायला आलेल्या पिशव्या. मला वाटलं होतं सगळीकडे गुलाबी असेल. बहुतेकींच्या पायांत चालायचे साधे बूट होते.

पहिलं सत्र करारांचं. प्रकाशकाने पुस्तक विकणं थांबवलं की हक्क परत कसे मागायचे, पत्रात कुठलं कलम दाखवायचं. दुसरं सत्र आयकराचं. घरातली लिहिण्याची खोली खर्चात कधी धरता येते, यावर एका आजीबाईंनी वक्त्याला असा काही उलटतपासणीत घेतला की आमच्या विमावाल्यांनी शिकून जावं. तिसरं सत्र नवोदितांसाठी होतं. इथे संपादकाला भेटायची वेळ ठरवून मिळायची, आठ-दहा मिनिटं, समोरासमोर, तेवढ्यात आपली कादंबरी सांगायची. वक्ती म्हणाली, "संपादक 'पाठवा' म्हणाले तर हुरळून जाऊ नका. तोंडावर नाही म्हणणं जड जातं, म्हणून बहुतेकांना पाठवाच म्हणतात." हॉलमध्ये हशा पिकला, पण तो मागच्या रांगांपर्यंत आला नाही. हेडफोनवर हे चांगलं कळतं.

जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा झाला. टेबलाखाली एक केबल सुटली होती, म्हणून मी आत शिरून तिच्यावर चिकटपट्टी मारत होतो. हेडफोन कानावरच होते. तेवढ्यात त्यांत आवाज आला.

"नमस्कार. माझी कादंबरी पंच्याऐंशी हजार शब्दांची आहे."

प्रश्न विचारायला मधल्या वाटेत स्टँडवर माइक ठेवलेला असतो. तो बंद करायला मी विसरलो होतो. चूक माझीच. टेबलाच्या कापडाआडून बघितलं तर साठीच्या आसपासची एक बाई हातात कागद घेऊन एका रिकाम्या खुर्चीशी बोलत होती. "कथेची नायिका अठ्ठावन्न वर्षांची विधवा आहे. ती शाळेची बस चालवते." थांबली. घसा खाकरला. पुन्हा पहिल्यापासून. "नमस्कार. माझी कादंबरी..."

माइक बंद करायचा तर टेबलाखालून बाहेर यायला हवं, आणि बाहेर आलो तर ती लाजेने मरेल. असा विचार करत मी चार-पाच खेपा ऐकल्या. मी मिरजेचा. आमच्या गल्लीत तंबोऱ्याला जवारी, म्हणजे तारेचा घुमारदार नाद, काढणारे कारागीर बसायचे, तारेखाली दोरा जरासा सरकवून तासन् तास कान लावायचे. त्यांचं काम मला आलं नाही, पण कानाला एक वाईट सवय लागली. या बाईचा आवाज खणखणीत होता, फक्त 'अठ्ठावन्न' म्हणताना खाली बसायचा. दर वेळी त्याच जागी.

शेवटी गुडघ्याला रग लागली आणि मी निघालो बाहेर. ती दचकली. मी माफी मागितली, माइक चालू राहिल्याचं सांगितलं. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही सगळं ऐकलंत. कसं वाटलं?"

"शेवटी काय होतं?" मी विचारलं.

ती हसायलाच लागली. "अहो, शेवट ठरलेला असतो! प्रेमकथा मध्यभागी हवी आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा, एवढे दोनच नियम. ती दोघं एकत्र येणार हे वाचणाऱ्याला पहिल्या पानापासून माहीत असतं. कसं जमतं तेवढंच सांगायचं."

मावशीने हेच उत्तर दिलं असतं, आम्ही तिला नीट विचारलं असतं तर.

बाई नेब्रास्काहून आली होती आणि स्वतः शाळेची बस चालवायची. पहाटे साडेचार ते सहा लिहायचं, मग बस काढायची. अकरा वर्षांत तीन कादंबऱ्या, एकही छापलेली नाही. मी म्हटलं, "वय सांगताना तुम्ही आवाज पाडता. काही चुकल्यासारखं." तिने कागदाकडे पाहिलं, जणू ते तिथे लिहिलेलं असेल. मग माइककडे बोट दाखवून म्हणाली, "चालूच आहे ना? मग राहू दे." आणि आणखी तीनदा म्हणून गेली.

संध्याकाळी मी केबली गुंडाळत होतो तेव्हा ती धावत आली. "पाठवा म्हणाली! पहिली तीन प्रकरणं!" सकाळचं ते वाक्य माझ्या रेकॉर्डरमध्ये होतं आणि तिसऱ्या सत्राला ही बाईही बसलेली होती. मी अभिनंदन केलं. तिनेही ते पूर्ण घेतलं.

त्या रात्री संस्थेचे 'रीटा' पुरस्कार होते. १९८२ पासून चालत आलेल्या या पुरस्कारांत कृष्णवर्णीय लेखिका जिंकल्या त्या पहिल्यांदा त्या वर्षी, एक नाही, दोन. खरं तर १९८० साली ह्यूस्टनला ही संस्था उभी राहिली ती व्हिव्हियन स्टीफन्स या कृष्णवर्णीय संपादिकेच्या पुढाकारातून, म्हणजे उशीर किती झाला बघा. पण त्याच डिसेंबरात वंशभेदाच्या वादावरून संस्था फुटली, निम्म्याहून जास्त सभासद पुढच्या काही वर्षांत गेले, आणि मे २०२४ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. देणं मुख्यत्वे हॉटेलांचं, परिषदांसाठी आधीच केलेल्या करारांचं, सुमारे ३० लाख डॉलर. ती बातमी वाचताना मला पहिलं सत्र आठवलं. करारातली कलमं एवढी घोटून घेणाऱ्या बायका त्या.

रात्री घरी येऊन फाइली तपासल्या. दुपारच्या सुट्टीतली ती रिहर्सल रेकॉर्डवर होती, बारा मिनिटं. विकायच्या फाइलीतून कापली, नियमाप्रमाणे. कापण्याआधी एकदा ऐकली. शेवटच्या खेपेला 'अठ्ठावन्न'वर लेव्हल लाल झाली होती.