फासकी डुकरासाठी होती

भातकापणीचे दिवस, त्यात 2024 च्या विधानसभेची आचारसंहिता लागलेली. सकाळीच पोलीस पाटलांचा फोन आला, "मॅडम, गडग्याकडे वाघ अडाकलो हा. जितो हा." आमच्या वनपरिक्षेत्र अधिकारी (आरएफओ) साहेबांना कळवून मी निघाले.

गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, चिरे ढासळून डुकरांची वाट पडली होती, नेमकी तिथेच फासकी. मोटरसायकलची क्लच वायर, सरकती गाठ, दुसरं टोक आकेशियाच्या बुंध्याला. फोनवरचा 'वाघ' म्हणजे बिबट्याची मादी; ती कमरेत अडकली होती. जनावर सुटायला जितकं ओढतं, तितकी फासकी आवळत जाते. वायर कातडीत रुतून केसांत दिसेनाशी झाली होती आणि तिचे पंजे पोचतील तिथवरची जमीन गोल उकरली गेली होती.

पहिलं काम माणसं मागे नेण्याचं. कुणी मोबाइल घेऊन पुढे सरकला की ती उसळायची आणि वायर आणखी आत जायची. पोलिसांनी दोर बांधला तेव्हा कुठे शांतता झाली. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला प्राणी. त्याला बेशुद्ध करायला मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, शिवाय डार्ट मारणारे डॉक्टर बाहेरून यायचे. तो वेळ फार जड जातो. समोर जनावर तडफडत असतं आणि आपण हात बांधून उभे.

दोराबाहेरून एक आजोबा म्हणाले, "पूर्वी शिकारीचे परवाने मिळत." खरं आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही सुरुवातीला शिकारीच्या परवान्याची सोय होती. 1991 च्या दुरुस्तीने ती गेली. आता शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. फासे लावणं, सापळा मांडणं, तसा प्रयत्न करणं हीही कायद्याने शिकारच. रिकामी फासकीसुद्धा गुन्हा आहे, हे आजही गावोगाव सांगावं लागतं.

डार्ट लागल्यावर काही मिनिटांनी तिची मान खाली गेली. त्या औषधात डोळे उघडेच राहतात, म्हणून मी ओलं फडकं डोळ्यांवर धरलं आणि डॉक्टरांनी कटरने वायर तोडली. लगेच जंगलात सोडता येत नाही; आतड्यांना मार बसला असेल तर तो उशिरा कळतो. पिंजऱ्यात घालून तिला देखरेखीखाली ठेवलं. पुढे जखम भरल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने ती सोडली.

पंचनाम्याला बसलो, तोच जमीनमालक स्वतः पुढे आला. "डुकरांसाठी लावललंय ओ मॅडम, वाघाक नाय." त्याचं शेत मी बघितलं. पिकलेलं भात डुकरांनी लोळून पार झोपवलं होतं. त्याच्याकडे शेतीसंरक्षणाची परवान्याची बंदूक होती आणि डुकरं मारण्याच्या परवानगीसाठी त्याने रीतसर अर्जही केला होता. पण निवडणुकीमुळे बंदूक पोलीस ठाण्यात जमा, आणि अर्जाचा निकाल लागायचा होता. परवानगी हातात असती तरी फासकी बेकायदाच ठरली असती. बंदूक धरणारा समोर कोण आहे ते बघतो. फासकीला डुक्कर, भेकर, बिबट्या सगळे सारखेच.

पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी किमान 3 वर्षं, जास्तीत जास्त 7 वर्षं कैद आणि 25 हजारांपेक्षा कमी नाही इतका दंड, हे मी त्याला सांगितलं. तो मटकन खाली बसला. मग उठून त्यानेच गडग्यातल्या आणखी दोन फासक्या दाखवल्या. त्याही जप्त केल्या आणि त्याने आपणहून दाखवल्याचं पंचनाम्यात नमूद केलं.

गुन्हा नोंदवला. पण माणूस आरोपी झाला म्हणून त्याच्या भाताचं नुकसान खोटं होत नाही. तलाठी आणि कृषी सहायकांना त्याच दिवशी बोलावून नुकसानीचा वेगळा पंचनामा केला. साहेबांच्या सहीने एक पत्रही गेलं. निवडणुकीत परवान्याच्या बंदुका सरसकट जमा करायच्या नसतात, त्यासाठी जिल्ह्यात छाननी समिती असते. रानडुकरांचा त्रास असलेल्या गावांतल्या शेतीसंरक्षण परवानाधारकांची यादी आम्ही या पत्रासोबत जोडली आणि पुढच्या निवडणुकीआधी ती समितीसमोर ठेवावी, अशी विनंती केली.