ऐरोलीतील खोलीसाठी ४के मॉनिटर: निवड, जोडणी आणि सुरुवातीच्या चाचण्या

मोठ्या मॉनिटरच्या शोधाची ही पुढची नोंद आहे. आकाराचा प्रश्न मागच्या टप्प्यावर जवळजवळ मिटला होता. परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि सगळी मोजमापे पुन्हा हाती घ्यावी लागली. ३२ इंचांपर्यंतच्या पडद्यांना १८ टक्क्यांचा दर १ जानेवारी २०१९ पासूनच लागू होता, त्यामुळे मधल्या काळात ३४ इंची अल्ट्रावाइड (उंचीच्या मानाने जास्त रुंद पडदा) किंवा ४२ इंची पडदा घेणाऱ्याला निव्वळ आकारापायी जास्तीचा कर भरावा लागत असे. तो फरक गेल्यावर मोठ्या आकारांना केवळ महाग म्हणून बाद करणे मला रास्त वाटले नाही.

गरजा थोडक्यात सांगतो. दिवसा कार्यालयाचा लॅपटॉप, संध्याकाळी मराठी पुस्तकांची पानजुळणी आणि मुद्रितशोधन, आणि रात्री घरच्या पीसीवर गेमिंग, तेही मुख्यतः रेसिंगचे आणि मुक्त भटकंतीचे खेळ. ग्राफिक्स कार्ड मधल्या दर्जाचे, आरटीएक्स ४०७० आहे. खोली सिडकोच्या जुन्या इमारतीतील, म्हणजे बेताची. खिडकी पश्चिमेकडे, खाडीच्या बाजूला उघडणारी, आणि टेबल भिंतीला लावलेले, ६० सेंटिमीटर खोलीचे. शेवटच्या दोन गोष्टींनी माझ्या निवडीवर जितका परिणाम केला तितका कोणत्याही माहितीपत्रकाने केला नाही.

टेबलापासून सुरुवात करू. पडदा आर्मवर (टेबलाला क्लॅम्पने बसणाऱ्या, मॉनिटर धरणाऱ्या दांड्यावर) बसवून शक्य तितका भिंतीजवळ नेला आणि खुर्ची नेहमीच्या जागी ठेवली, तर डोळ्यांपासून पडद्याचे अंतर साधारण ७० सेंटिमीटर भरते. या अंतरावरून ४२.५ इंची पडदा, ज्याची रुंदी ९४ सेंटिमीटर असते, नजरेचा सुमारे ६८ अंशांचा कोन व्यापतो, ३१.५ इंची पडदा, जो दुकानात ३२ इंची म्हणून विकला जातो आणि ज्याची रुंदी ७० सेंटिमीटरच्या आसपास असते, सुमारे ५३ अंश व्यापतो. आणि २७ इंची सुमारे ४६ अंश. आकडे कागदावर निरुपद्रवी दिसतात, म्हणून मी पुठ्ठ्याचे तुकडे त्या-त्या मापांचे कापून भिंतीला चिकटवले आणि त्यांच्यावर छापील पाने लावून काही संध्याकाळी तसाच बसलो. ४२.५ इंचांच्या पुठ्ठ्यावर कोपऱ्यातील मजकूर वाचण्यासाठी डोळे फिरवून भागत नाही, मान वळवावी लागते. शिवाय ५३ सेंटिमीटर उंचीमुळे वरची कड डोळ्यांच्या पातळीच्या बरीच वर जाते. टेबल ८० सेंटिमीटर खोल असते तर हाच आकार मी आनंदाने घेतला असता. ज्यांची खोली मोठी आहे त्यांनी माझा निष्कर्ष जसाच्या तसा उचलू नये.

अल्ट्रावाइडचा मोह खरा होता. पण ३४ इंची अल्ट्रावाइडची उंची २७ इंची साध्या पडद्याइतकीच, म्हणजे ३३ ते ३४ सेंटिमीटर असते. ए४ कागद २९.७ सेंटिमीटर उंच असल्याने मेनूपट्टी, टूलबार आणि टास्कबार यांना जागा दिल्यावर पान मूळ मापात पूर्ण दिसत नाही. ३१.५ इंची पडद्याच्या ३९ सेंटिमीटर उंचीत ए४ची जोडपाने खऱ्या मापात मावतात आणि दोन्ही बाजूंना पानजुळणीच्या सॉफ्टवेअरची पॅनेले लावण्यापुरती जागाही उरते. ५१२० गुणिले २१६० पिक्सेलचे ४० इंची अल्ट्रावाइड उंचीला ३२ इंचीच्या बरोबरीचे असतात, पण त्यांची पिक्सेलसंख्या ४केपेक्षा (३८४० गुणिले २१६०) एकतृतीयांशाने जास्त असते आणि बहुतेक वक्र येतात. वक्र पडद्यावर समासाच्या सरळ रेषा वाकल्यासारख्या भासतात. खेळताना त्याचे काही वाटत नाही, पानजुळणीत मात्र मला ते खुपते.

आकार ठरल्यावर रिझोल्यूशनची, म्हणजे पडद्यावर किती पिक्सेल असावेत याची, चर्चा फार लांबली नाही, पण तिच्यात एक मुद्दा असा आहे की ज्याकडे परीक्षणे सहसा वळत नाहीत: देवनागरी. विंडोज ९६ पिक्सेल प्रति इंच हा पाया धरते, त्या हिशेबाने ११ पॉइंटच्या अक्षराच्या वाट्याला जेमतेम १५ पिक्सेल उंची येते. रोमन लिपीला ती पुरते. देवनागरीत मात्र त्याच उंचीत शिरोरेखेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार, आणि उरलेल्या मधल्या पट्ट्यात प्रत्यक्ष अक्षर बसवायचे असते. त्यामुळे ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ यांतील फरक दोन-तीन पिक्सेलांवर येऊन ठेपतो, आणि मुद्रितशोधकाची सारी भिस्त नेमक्या त्याच पिक्सेलांवर असते. ३१.५ इंची ४के पडद्याची घनता सुमारे १४० पिक्सेल प्रति इंच आहे. स्केलिंग (विंडोजमध्ये अक्षरे-चिन्हे मोठी करण्याचे प्रमाण) १५० टक्के ठेवले की अक्षरांचा प्रत्यक्ष आकार २४ इंची फुल एचडी पडद्यावरच्याइतकाच राहतो, पण त्याच ११ पॉइंटच्या अक्षराला २२ पिक्सेल मिळतात. याच आकारात २५६० गुणिले १४४० पिक्सेलचे पडदेही मिळतात. त्यांची घनता ९३च्या घरात राहते, म्हणजे पडदा मोठा झाला तरी अक्षर होते तितकेच ओबडधोबड. पानजुळणी करणाऱ्यांनी त्यांच्या वाटेला न जाणे बरे.

यासाठी मी चाचणीची एक फाइल तयार केली आहे: राष्ट्र, निष्ठा, उद्ध्वस्त, द्वंद्व, ऱ्हास, कर्त्र्यांना, कॅन्व्हास असे शब्द, निर्मला आणि मुक्ता या दोन टंकांत, ९ ते १४ पॉइंटांत, काळ्यावर पांढरे आणि पांढऱ्यावर काळे. पेनड्राइव्हवर ती घेऊन मी ठाण्यात आणि वाशीत फिरलो. दुकानांत टीव्हींच्या भिंती लागलेल्या असतात, मॉनिटर मात्र २४ आणि २७ इंचीच मांडलेले. ३२ इंची ४के पाहायचा म्हटले की ‘मागवून देतो’ हे उत्तर ठरलेले. अखेर मुंबईतला इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठणे भाग पडले. तिथेही दुकानदार पडद्यावर समुद्रतळाचे रंगीत व्हिडिओ लावून ठेवतात, आणि ते बंद करून मराठी मजकूर उघडायला सांगितल्यावर आपल्याकडे जरा विचित्र नजरेने पाहतात.

पॅनेलच्या प्रकाराने सर्वांत जास्त वेळ घेतला. खारघरला राहणाऱ्या एका स्नेह्यांकडे ३२ इंची, २४० हर्ट्झचा (सेकंदाला २४० वेळा चित्र बदलणारा) क्यूडी-ओएलईडी आहे, म्हणजे प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळणाऱ्या ओएलईडी पडद्याचा एक प्रकार. या वर्गातील मॉनिटर २०२४ च्या सुरुवातीपासून बाजारात आले. रात्री दिवे मालवून त्यांच्याकडे रेसिंग खेळून पाहिले आणि खरे सांगायचे तर त्या दृश्याला तोड नव्हती: बोगद्यातला अंधार खराखुरा काळा, समोरच्या गाडीच्या दिव्यांभोवती कुठेही धूसर वलय नाही, आणि गतीत चित्र जराही फाकत नाही. नंतर माझी फाइल उघडली. क्यूडी-ओएलईडीमध्ये तांबडा, हिरवा आणि निळा हे उपपिक्सेल एका ओळीत नसतात, त्रिकोणी मांडणीत असतात; हिरवा वर आणि बाकी दोन खाली. परिणामी आडव्या कडांना एका बाजूस हिरवट आणि दुसऱ्या बाजूस जांभळट छटा येते. रोमन मजकुरात आडव्या रेघा तुटक असतात, म्हणून ती छटा सहसा डोळ्यांत भरत नाही. देवनागरीत प्रत्येक शब्दावर शिरोरेखा असल्याने ती ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावते. ७० सेंटिमीटरवरून ती मला क्वचितच जाणवली, पण शंकास्पद जोडाक्षर पाहायला पुढे वाकलो की लगेच दिसू लागे. डब्ल्यूओएलईडी या ओएलईडीच्या दुसऱ्या प्रकारात उपपिक्सेल उभ्या पट्ट्यांत असतात आणि त्यांत पांढऱ्याची भर असते. तिथे हा दोष आडव्या कडांऐवजी उभ्या कडांवर, म्हणजे काना आणि दंड यांच्यावर जाऊन बसतो.

दुसरी अडचण उजेडाची. क्यूडी-ओएलईडीवर ध्रुवीकरणाचा थर नसतो, त्यामुळे बाहेरचा प्रकाश पडला की काळा रंग करडा-जांभळट होतो. स्नेह्यांनी दुपारी खिडकीचे पडदे सरकवून हे दाखवलेच. माझ्याकडे दुपारी तीननंतर खाडीवरून येणारे ऊन थेट खोलीत येते. खिडकीचे पडदे लावून दिवसभर काम करणे मला जमणार नाही. त्यातच टास्कबार आणि पानजुळणीची पॅनेले तासन्‌तास एकाच जागी स्थिर राहतात, म्हणजे बर्न-इनसाठी (स्थिर चित्राचा कायमचा ठसा पडद्यावर उमटण्यासाठी) आयती परिस्थिती. पिक्सेल किंचित सरकवणे वगैरे उपाय उत्पादक देतात आणि काही जण वॉरंटीत बर्न-इनचा समावेशही करतात. ज्यांचे दिवसाचे काम पडद्यावर नाही आणि खेळ रात्रीचा आहे त्यांनी वॉरंटीतील ते कलम वाचून खुशाल ओएलईडी घ्यावा.

उरले एलसीडीचे दोन प्रकार, व्हीए आणि आयपीएस. व्हीए पॅनेलचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या आणि काळ्याच्या उजेडाचे गुणोत्तर) साधारण ३०००:१ असतो, आयपीएसचा १०००:१ च्या आसपास. पण गडद छटांमध्ये व्हीएचे पिक्सेल संथपणे बदलतात आणि अंधाऱ्या रस्त्यावर गाडीमागे काळपट ओघळ दिसतो. शिवाय बाजूने पाहिल्यास छटा फिकट पडतात. २०२२ पासून आलेले आयपीएस ब्लॅक पॅनेल २०००:१ पर्यंत पोहोचले आणि आता त्यांत १२० हर्ट्झही मिळते. मजकुरासाठी ते मला उत्तम वाटले, परंतु पिक्सेल बदलण्याचा त्यांचा वेग जलद आयपीएसपेक्षा कमी आहे. काम आणि खेळ यांच्या वाटणीत मी शेवटी ३१.५ इंची, सपाट, मॅट पृष्ठभागाचा, १४४ हर्ट्झचा जलद आयपीएस निश्चित केला. त्याच्यावर डिस्प्लेएचडीआर ४०० चे, म्हणजे एचडीआर (उजेड-अंधाराचा अधिक विस्तृत पल्ला दाखवण्याची पद्धत) चालत असल्याचे, बोधचिन्ह आहे, ज्याला मी काहीच किंमत दिली नाही: त्या श्रेणीत लोकल डिमिंगची (पडद्यामागचा दिवा भागाभागाने मंद करण्याची) अट नाही, त्यामुळे एचडीआर चालू केल्यावर सगळाच पडदा उजळतो आणि काळा रंग होता त्याहून राखाडी होतो. विंडोजमध्ये एचडीआर बंदच ठेवले आहे.

४०७० कार्डावर ४के झेपेल का, असे अनेकांनी विचारले होते. ४के म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल, १४४०पीच्या (२५६० गुणिले १४४०) सव्वादोन पट. ते सगळे प्रत्यक्ष रेखाटायला लावले तर नव्या खेळांत कार्ड थकते, हे खरे. पण डीएलएसएस या कार्डातील चित्र वाढवण्याच्या तंत्राच्या ‘क्वालिटी’ पर्यायात कार्ड आतून २५६० गुणिले १४४० चेच चित्र काढते आणि ते ४केपर्यंत वाढवले जाते. ७० सेंटिमीटरवरून मूळ ४के आणि हे चित्र यांतील फरक मला थांबलेल्या दृश्यातही शोधावा लागतो. जुन्या खेळांसाठी आणखी एक सोय आहे: १०८०पी (१९२० गुणिले १०८०) हे रुंदी-उंचीने ४केच्या बरोबर निम्म्या मापाचे असल्याने पूर्णांकी स्केलिंगमध्ये एका पिक्सेलचे नेमके चार होतात आणि चित्र धूसर होत नाही. १४४०पी चित्र ४के पडद्यावर तसेच ताणले तर ही सोय मिळत नाही.

मॉनिटर आला आहे. पहिल्या संध्याकाळी काळा, पांढरा, तांबडा, हिरवा आणि निळा असे पूर्ण पडदे लावून पिक्सेल तपासले. मृत पिक्सेल आढळला नाही. खालच्या उजव्या कोपऱ्यात आयपीएसची फिकट चमक आहे, पण दिवा लावलेल्या खोलीत ती जाणवत नाही. झगमग (पडद्यामागच्या दिव्याची वेगवान उघडझाप) तपासण्यासाठी मोबाइलच्या कॅमेऱ्याचा शटर वेगवान करून पांढऱ्या पडद्यावर रोखला. कमी प्रकाशमानावरही पट्टे उमटले नाहीत. ओव्हरड्राइव्हचे, म्हणजे पिक्सेल लवकर बदलायला लावणाऱ्या सोयीचे, तीन टप्पे आहेत. १४४ हर्ट्झला एका फ्रेमच्या वाट्याला ६.९ मिलिसेकंद येतात, तेवढ्यात पिक्सेल बदलावा म्हणून सर्वांत वरचा टप्पा देतात, परंतु त्यावर सरकत्या मजकुराच्या मागे उजळ कड उमटते. मधला टप्पाच वापरण्याजोगा आहे.

जोडणीत एक गोष्ट लक्षात ठेवावी. पीसीकडून चित्र आणणाऱ्या डिस्प्लेपोर्ट १.४ या जोडणीची उपयुक्त क्षमता २५.९२ गिगाबिट प्रति सेकंद आहे. तीत ४के, १२० हर्ट्झ, ८ बिट रंगांचे चित्र कसेबसे मावते आणि १४४ साठी डीएससी हे संपीडन लागते. ते डोळ्यांना कळत नाही, पण मॉनिटरच्या मेनूत डीएससी बंद असेल तर विंडोज १४४ चा पर्यायच दाखवत नाही. एचडीएमआय २.१ वापरणाऱ्यांनी अल्ट्रा हाय स्पीड प्रमाणपत्राचे स्कॅन होणारे लेबल असलेली केबल घ्यावी. लॅपटॉपचे प्रकरण निराळे आहे. यूएसबी-सीच्या माहिती वाहणाऱ्या चार मार्गिकांपैकी दोन मॉनिटरमधील वेगवान यूएसबी हबला दिल्या तर माझ्या जुन्या लॅपटॉपला ४के फक्त ३० हर्ट्झवर मिळते आणि माउसचा बाण अडखळत चालतो. मॉनिटरच्या मेनूत हबचा वेग यूएसबी २.० वर आणला की चारही मार्गिका चित्राला मिळतात आणि ६० हर्ट्झ परत येतात. कीबोर्ड आणि माउस यांना २.० पुरेसे आहे. एक्स्टर्नल एसएसडी थेट लॅपटॉपला लावतो.

आर्म अजून बसवायचा आहे, तोवर पडदा मूळ स्टँडवर असल्याने दहा-बारा सेंटिमीटर पुढे आला आहे. टेबलाचा माथा १८ मिलिमीटरच्या पार्टिकल बोर्डचा आहे आणि क्लॅम्पचा दाब एका बिंदूवर आला तर तो चेपतो, म्हणून वर-खाली पोलादी पट्ट्या घालणार आहे. त्यानंतर पुढच्या नोंदीत रंगांचे कॅलिब्रेशन आणि दुपारच्या उन्हात प्रकाशमान किती ठेवावे लागते याची मोजमापे देईन.